लाकडांची सोयरीक

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवे केले. ओट्याखाली प्लायवूडची कपाटे झाली. ‘पाण्याची चिंताच सोडा’ असे दुकानदार म्हणाला होता. यंदाच्या पावसाळ्यात सिंकखालचे कपाट असे फुगले की, दार उघडायला पैलवान बोलवावा! तेव्हापासून त्यांच्या मातोश्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, “लाकूड म्हणजे सागवान. चिकटवलेले ते लाकूड कसले?”

मातोश्रींचा राग खरा, पण त्याचा पत्ता चुकला आहे.

लाकूड जातीचेच चंचल. ओलावा प्याले की फुगते, उन्हाळ्यात आकसते. सागवान तेवढे सोशीक, इतकेच. मात्र हे सारे आडव्या अंगाने चालते. रेषांच्या लांबीत लाकूड फारसे हलत नाही. प्लायवूड करणाराने हाच स्वभाव हेरला. ओंडका फिरवीत त्याचे पातळ पापुद्रे सोलायचे आणि एकाच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या, असे ते चिकटवायचे. एकाने फुगायचे म्हटले, तरी शेजारचा फुगू देत नाही. एकत्र कुटुंबात तरी याहून निराळे काय चालते?

याच जातीच्या सोयरिकीतून पुढे घरे उभी राहिली. जर्मनीच्या ऑटो हेट्झर यांनी १९०६ साली फळ्यांवर फळ्या चिकटवून कमानदार तुळया करण्याचे पेटंट मिळविले. १९९० नंतर ऑस्ट्रियात जाड फळ्यांचे उभे-आडवे थर जोडून सबंध भिंती घडू लागल्या. नॉर्वेत ब्रुमुंडाल येथे २०१९ साली ८५.४ मीटर उंचीची १८ मजली लाकडी इमारत पुरी झाली. म्हणजे तुळईसाठी आता शंभर वर्षांचा वृक्षच आडवा केला पाहिजे, असे नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा प्लायवूडचे कारखाने शेतात वाढणाऱ्या पॉप्लर आणि निलगिरीकडे वळले.

मग शेजाऱ्यांचे कपाट का फुगले? फळी उलटून पाहिली, तर तीवर शिक्का ‘एमआर’चा! म्हणजे दमट हवा सोसणारी फळी. ठिबकणारे पाणी सोसणारी नव्हे. अशा फळीत बहुधा युरियाचा सरस असतो. पाण्याच्या जागी हवी फिनॉलच्या सरसाची, ‘बीडब्ल्यूपी’ शिक्क्याची फळी. भारतीय मानक ७१० प्रमाणे तिचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून पाहतात. तीही कापल्यावर कडा उघड्या ठेवू नयेत, आणि वाळवीचा बंदोबस्त झाला आहे ना, हे विचारून घ्यावे.

सागवान घेताना आपले वडील झाडाचे वय आणि गाव विचारीत. आता सरसाचे कुळ विचारायला हवे, आणि ते दुकानदाराच्या तोंडून न ऐकता फळीवर वाचायला हवे. सामासिक शब्दाचा विग्रह आम्ही मास्तर वर्गात करतो, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. प्लायवूडचा विग्रह मात्र पाणी करते, आणि तो आपल्या पैशाने होतो!