सावलीचा हिशेब

ऊन सगळ्यांना सारखंच लागतं, असं परवा टपरीवर एक गुरुजी म्हणाले. गुरुजी भूगोल शिकवतात. त्यांच्या घरी कूलर आहे. मी नागापूरला पत्र्याच्या खोलीत राहतो आणि एमआयडीसीत ठेकेदाराकडं भट्टीवर हजेरी करतो. म्हणून हे लिहितोय. गुरुजी, ऊन सारखं पडत असेल. लागत सारखं नाही.

सकाळी दहाला तापलेला पत्रा रात्री बारापर्यंत निवत नाही. आय माठाला ओलं फडकं गुंडाळते. धाकटं रडायला लागलं की तेच फडकं काढून त्याच्या डोक्यावर टाकते. मग माठ गरम. एका फडक्यात एकच गोष्ट गार राहते, हा आमच्या घरचा भूगोल.

मागच्या आठवड्यात माझ्याबरोबरचा एक पोरगा भट्टीपुढं कोसळला. त्याला उचलून बाहेर उभ्या ट्रकच्या सावलीत निजवला. अर्ध्या तासानं ट्रक माल घेऊन गेला. सावली पण गेली. पोरगा तिथंच. संध्याकाळी ठेकेदारानं त्याचा अर्धा दिवस कापला. पोरगा काय बोलला नाही. बोलला असता तर उद्याची हजेरी गेली असती.

त्या दिवशी पेपरात चौकट होती. दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. सैल सुती कपडे घाला. साहेब, हे कुणाला सांगताय? बाहेर न पडता ज्याची चूल पेटते त्याला. रस्ता झाडणारीला, गटारीत उतरणाऱ्याला, विटा वाहणाऱ्या बाईला सांगून बघा. ती विचारील, मग मजुरी कोण देणार? त्या चौकटीत त्याचं उत्तर नसतं.

सावली या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे. पेशवाईत महार-मांगांना दुपारी 3 नंतर आणि सकाळी 9 च्या आधी पुण्याच्या वेशीत शिरायला बंदी होती, असं घुर्ये यांनी आपल्या पुस्तकात नोंदलंय. का? तर त्या वेळी सावली लांब पडते आणि वरच्या जातीच्या अंगावर जाते. म्हणजे आमच्यासाठी शहर उघडं कधी? 9 ते 3. ऐन उन्हात. सावली पायाखाली येते तेव्हा. आज पेपरवाले ज्या वेळेला बाहेर पडू नका म्हणतात, तीच वेळ आमच्या बापजाद्यांना नेमून दिलेली होती. पेशवाई गेली. पाळी तीच राहिली.

16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात. मंचावर मात्र छत. 14 जण उष्माघातानं मेले. मेलेल्यांच्या नातेवाइकांना 5 लाख जाहीर झाले. मग सरकारनं सांगितलं, ऊन उतरेपर्यंत दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. चांगलं केलं. म्हणजे 12 ते 5 चं ऊन माणूस मारतं हे सरकारला कळतं. मग बंदी फक्त कार्यक्रमांना का? कामाला का नाही? सोहळ्यात मेला तर बातमी होते. भट्टीपुढं पडला तर खाडा होतो.

कायद्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाना कायद्यात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी गार करून देण्याची सक्ती होती. पण कुठं? 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथं. आमच्या शेडात आम्ही चाळीस. म्हणजे आमची तहान कायद्याला 210 नं कमी पडली!

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातले आठवड्याचे 54 तास 48 वर आले. आणि 3 सप्टेंबर 2025 ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं दिवसाचे 9 तास 12 करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. ज्याला अर्धा दिवस कापला तरी तोंड उघडता येत नाही, तो 'नाही' लिहून देईल? बारा तास पत्र्याखाली बसून हा ठराव कुणी लिहिला असता तर पहिल्या पानावरच शाई वाळली असती.

टपरीवर मात्र भांडण वेगळंच. एक म्हणतो अहमदनगर, दुसरा म्हणतो अहिल्यानगर. 13 मार्च 2024 ला मंत्रिमंडळानं नव्या नावाला मंजुरी दिली. आमची नावाला ना नाही. अहिल्याबाईंनी मुलूखभर विहिरी बांधल्या, घाट बांधले, वाटसराच्या तहानेची काळजी केली. नाव लावलंत, आता कामही लावा. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात नाक्यावर उभ्या मजुराला रांजणभर गार पाणी मिळत नसेल, तर ते नाव पाटीवरच राहिलं.

आणि आपल्या पुढाऱ्यांनाही विचारतो. 14 एप्रिलला चौकाचौकात तुमचे फलक लागतात. त्या फलकाच्या सावलीला दुपारी कुत्रं झोपतं, तेवढाच त्याचा वस्तीला उपयोग. 20 मार्च 1927 ला महाडला तळ्याच्या पाण्यासाठी हजारो माणसं चालत गेली. पाणी ही दया नाही, हक्क आहे, हे तिथं ठरलं. तुम्ही नागापूरच्या नळासाठी किती पावलं चाललात?

आम्हाला लिंबू-सरबताचे स्टॉल नकोत. दुपारी 12 ते 3 भरपगारी सुट्टी पाहिजे. कामाच्या जागी सावली पाहिजे, गार पाणी पाहिजे, कामगार चार असोत की चारशे. ऊन लागून पडला तर त्याचा रोज कापायचा नाही.

एके काळी आमच्या सावलीचा तुम्हाला विटाळ होता. आता आम्हीच सावली मागतोय. मागतोय म्हणजे भीक नाही. जुना हिशेब आहे, चुकता करा.

जयभीम.