विस्मयाला नियम लागतो : एपिक फँटसीच्या शिफारशींची तपासणी

‘एपिक फँटसी’ ही संज्ञा मराठी वाचकांत आता रुळली असली, तरी तिचा अर्थ बहुधा ‘जादूची जाडजूड पुस्तके’ एवढाच घेतला जातो. वस्तुतः ज्या कथेत लेखकाने स्वतंत्र भूगोल, इतिहास, वंशावळी आणि निसर्गनियम असलेले जग उभे केलेले असते, आणि जिच्यातील संघर्षावर एखाद्या व्यक्तीचे नव्हे तर त्या सबंध जगाचे भवितव्य अवलंबून असते, अशा बहुधा अनेक खंडांत चालणाऱ्या अद्भुतरम्य कथेला ही संज्ञा लावतात. या मालिकांविषयी वाचक परस्परांना जी मते देतात आणि ज्या शिफारशी करतात, त्यांना समीक्षेच्या दरबारात आसन नसले, तरी पुस्तक वाचकाच्या हाती पडते ते पुष्कळदा त्यांच्यामुळेच. म्हणून त्यांच्या मुळाशी असलेली गृहीतके तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे अशा तपासणीला सोयीचे ठिकाण आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसलेल्या या वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतून बदलून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली. त्यांतील मराठी घरांत स्वयंपाकघरात मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकाच्या कपाटात इंग्रजी अशी भाषांची वाटणी सहज होते. अशा घरातील तरुण वाचकाकडे टोल्कीन, रॉबर्ट जॉर्डन किंवा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची शिफारस येते ती इंग्रजीतून, आणि तिच्याबरोबर मोजमापेही तिकडचीच येतात. उलट घरातील वडीलधारी मंडळी या साऱ्या प्रकाराकडे पोरखेळ म्हणून पाहतात. या दोन टोकांच्या मध्ये चार मते वारंवार ऐकू येतात : अद्भुत वाङ्मय हे वास्तवापासूनचे पलायन आहे; महाभारत घरात असताना परकी महाकथा कशाला; मालिका जितकी लांब तितकी थोर; आणि अपुरी मालिका हाती धरू नये. यांपैकी पहिली दोन मते वाचनाविरुद्ध आहेत आणि पुढची दोन वाचनाच्या बाजूची आहेत, परंतु चारही मते एकाच चुकीतून निघतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

पहिल्या मताची मराठीतील पाळेमुळे जुनी आहेत, आणि ती विरोधकांनी नव्हे तर अद्भुताच्या पुरस्कर्त्यांनीच रोवली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरीने मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची वाट पाडली. त्यानंतर काही वर्षांनी नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी असा युक्तिवाद केला की, हिंदू माणसाच्या नित्याच्या जीवनात मन वेधून घेईल असे काही नसते, त्यामुळे रंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचाच आश्रय करावा लागतो. हे समर्थन म्हणजे पराभवाची कबुलीच होय, कारण आयुष्य नीरस आहे म्हणून अद्भुत हवे असे एकदा म्हटले की अद्भुत ही नीरसतेवरची उतारगोळी ठरते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी याच नित्याच्या आयुष्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ उभी केली, तेव्हा रिसबुडांचा आधार आपोआप कोसळला आणि त्याखाली अद्भुतरम्य कादंबरीही गाडली गेली.

टोल्कीन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात पलायनाच्या आरोपाला अधिक समर्थ उत्तर दिले. तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगण सोडून पळणारा शिपाई यांत टीकाकार घोटाळा करतात, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तर चातुर्याचे आहे, परंतु तेही पुरे पडत नाही. कारण भोवतालचे जग हा तुरुंग आहे हे त्यातही गृहीत धरलेले आहे, आणि या मुद्द्यावर ऑक्सफर्डचे प्राध्यापक व मराठीचे रिसबूड एकाच पंगतीला बसतात.

या आरोपाचे खरे उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. भरताने जे आठ रस सांगितले त्यांत अद्भुत हा स्वतंत्र रस असून त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी टिकून राहणारी मनोवृत्ती, विस्मय ही आहे. विस्मय आणि गुंगी या परस्परविरुद्ध अवस्था आहेत. ज्याला नेहमीचा क्रम ठाऊक नाही त्याला क्रमभंगाचे नवल वाटत नाही; म्हणून विस्मयाला आधी नियम लागतो, आणि नियम कळण्यासाठी वाचकाला डोळे उघडे ठेवावे लागतात. कर्णाला इंद्राकडून मिळालेल्या वासवी शक्तीचे उदाहरण घेता येईल. कवचकुंडले अंगावरून कापून दिल्यावर ती मिळते, ती अमोघ असते, परंतु एकदाच वापरता येते. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते, आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवल्यावर ती त्याच्यावर सोडणे त्याला भाग पडते. त्या क्षणी घटोत्कच मरतो, पण वाचकाला दिसतो तो पुढे होणारा कर्णाचा मृत्यू. ‘एकदाच’ या एका शब्दावर तो सारा प्रसंग तोललेला आहे. तो शब्द काढून टाकला तर शक्ती हे आणखी एक शस्त्र उरते आणि प्रसंगातील प्राण जातो. अशा वाचनात पळून जाण्यास जागा नाही. येथे वाचकाला हिशोब ठेवावा लागतो.

दुसरे मत याच महाभारताचा हवाला देऊन मांडले जाते. घरात गंगा वाहत असता बाहेरचे पाणी कशाला, असा त्याचा सूर असतो. परंतु गेल्या शतकातील मराठी लेखकांनी महाभारताचे काय केले, हे पाहिले तर हा युक्तिवाद लंगडा पडतो. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ महाभारतातील व्यक्तींना चमत्काराचे वेष्टन काढून माणसे म्हणून तपासते, आणि तेच त्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे. तथापि अशा वाचनाची प्रतिष्ठा वाढत गेली तसतसे महाभारतातील अद्भुत हे सालपट आहे, गाभा निराळा आहे, अशी समजूत सुशिक्षित मराठी घरांत पक्की झाली. म्हणजे ज्या अद्भुतासाठी महाभारत पुरेसे आहे असे सांगितले जाते, तेच अद्भुत बाजूला सारून महाभारत वाचले जाते. याउलट वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९), जिच्या लेखकाला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ती ज्या खिळीवर टांगलेली आहे ती खिळी निखळ अद्भुताची आहे : शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य दुसऱ्याने आपखुषीने घेतले तरच उतरते. नियम आहे, आणि पुरूने मोजलेली किंमतही आहे. ‘ययाति’ची शिफारस पिढ्यान्‌पिढ्या करणारा वाचक फँटसीला नाके मुरडतो, तेव्हा तो स्वतःच्याच आवडीशी भांडत असतो.

शिवाय ‘परकी’ हे विशेषण दिल्लीत तरी कोणी जपून वापरावे. दास्तान, म्हणजे तोंडी सांगितली जाणारी प्रदीर्घ अद्भुत कथा, हा या शहराचा जुना षौक आहे. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो बसत, आणि त्या परंपरेतील अखेरचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये दिल्लीतच वारले. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने छापावयास घेतली ती अखेर ४६ खंडांवर गेली. तिच्यातील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या भागातले तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेले बंदिस्त जग. त्याला स्वतःचे कायदे असतात, आणि ते ज्याच्या हातून मोडायचे त्यालाच मोडता येते, तेही ‘लौह’ नावाच्या पाटीवरील सूचना तंतोतंत पाळल्या तरच. आजचे वाचक ज्याला ‘मॅजिक सिस्टिम’ म्हणून वाखाणतात ती नियमबद्ध जादू हीच. मिर्झा गालिब यांनी एका पत्रात आनंदाने कळवले आहे की, अमीर हमजाच्या दास्तानीचा एक लठ्ठ ग्रंथ आणि तेवढाच ‘बोस्तान-ए-खयाल’चा खंड हाती आला आहे, घरात मद्याच्या बाटल्याही आहेत, तेव्हा दिवसभर वाचन आणि रात्रभर पान चालू आहे. गालिबांच्या वाचनाला पोरखेळ म्हणण्याचे धाडस करणाऱ्याने ते खुशाल करावे.

मराठी घरात हीच भूक ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीने भागवली. धुंडीसुत मालू यांनी १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या या ४० अध्यायांच्या ग्रंथात अस्त्रे आहेत, शाबरी विद्या आहे, स्त्रीराज्यात गुंतलेल्या मच्छिंद्रनाथांना सोडवून आणणारे गोरखनाथ आहेत. पोथी आणि कादंबरी यांतील भेद मात्र पुसता कामा नये : पोथी वाचणाऱ्याची तिच्यावर श्रद्धा असते, कादंबरीचा वाचक आपला विश्वास तात्पुरता उसना देतो. परंतु एकाच विश्वातील अनेक नायकांच्या गुंफलेल्या कथा दिवसामागून दिवस ऐकत राहण्याची सवय मराठी कानाला आधीपासून आहे, एवढे यावरून निर्विवाद सिद्ध होते.

उरलेली दोन मते खुद्द चाहत्यांची आहेत, आणि तीच अधिक नुकसान करतात. लांबीलाच थोरवी मानणारा वाचक ‘तिसऱ्या खंडापर्यंत कळ काढा, मग पकड येते’ असे सांगतो. ही शिफारस नव्हे, ही उमेदवारी झाली. ज्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरून त्रिखंडी मालिकेचा परिपाठ पडला, ती मुळात एकच कादंबरी होती; महायुद्धानंतरच्या कागदाच्या महागाईमुळे प्रकाशकाने ती १९५४–५५ मध्ये तीन भागांत काढली. म्हणजे ज्याला पुढे कलेचे लक्षण मानले गेले, ते कागदाच्या भावाचे फलित होते. जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ १४ खंडांपर्यंत गेली. २००७ मध्ये लेखकाचे निधन झाल्यावर शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी लिहिले. हिंदू कालचक्राच्या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला ती मालिका जवळची वाटेल हे खरे, तथापि तिच्या मधल्या खंडांत कथा रेंगाळते ही तिच्या चाहत्यांचीच तक्रार आहे. याच्या उलट टोकाला अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) आहे : पुस्तक सडपातळ, नायक सावळा, आणि जादूचा नियम एकच, की ज्या वस्तूचे खरे नाव कळते तिच्यावर सत्ता चालते. नामाचा महिमा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

अपुऱ्या मालिकेविषयीचे मत तर वाचकाला गिऱ्हाईक मानणारे आहे. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये आला, आणि सहाव्याची प्रतीक्षा अद्याप संपलेली नाही. तेवढ्यावरून पहिले पाच खंड वाचूच नयेत असे म्हणणे म्हणजे मैफल भैरवीपर्यंत जाणार नाही म्हणून यमन न ऐकण्यासारखे आहे. जामा मशिदीच्या पायऱ्यांवरचा श्रोता दास्तान संपण्याची वाट पाहत नव्हता. त्याला त्या रात्रीचा वाटा मिळत होता. अपुरेपणा हा दोष खरा, पण तो खंडाखंडातून मोजावयाचा असतो : हातातला खंड स्वतःपुरता काही पुरे करतो काय, एवढाच प्रश्न विचारणे न्याय्य आहे.

येथे सरोजिनी नगरच्या बाजाराकडून एक रीत घेण्याजोगी आहे. त्या बाजाराची ख्याती निर्यातीतून उरलेल्या, म्हणजे ‘एक्स्पोर्ट सरप्लस’च्या, कपड्यांसाठी आहे. ढिगातला कुर्ता उचलला तर गळ्याशी लेबल अनेकदा कापलेले किंवा त्यावर शाईची रेघ ओढलेली असते. त्यामुळे मुरलेले गिऱ्हाईक कपडा उलटा करते, काखेतली शिवण बोटांनी ताणून पाहते, उजेडात धरून भोक शोधते, आणि मगच भावाची घासाघीस सुरू करते. पुस्तकांच्या शिफारशीत नेमके उलटे घडते. किती खंड, कोणता पुरस्कार, कोणती दूरचित्रवाणी मालिका, क्रमवारीत कितवे स्थान, ही सारी लेबले वाचून दाखवली जातात आणि शिवण कोणी ताणून पाहत नाही. चारही मतांमागची एकच चूक ती हीच : पलायन, परकेपणा, लांबी आणि अपुरेपणा ही चारही लेबले आहेत.

शिवण पाहावयाची म्हणजे तीन गोष्टी पाहावयाच्या. या जगाचा नियम कोणता; तो वापरणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते; आणि ऐन अडचणीच्या वेळी लेखक तो नियम पाळतो की स्वतःच मोडून सुटका करून घेतो. या कसोटीवर ले ग्विन यांची मालिका प्रथम हाती द्यावी, टोल्कीन सावकाशीने वाचावयास सांगावेत, सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ नियमांच्या काटेकोरपणासाठी सुचवावी परंतु भाषेच्या श्रीमंतीची अपेक्षा ठेवू देऊ नये, आणि भारतीय इंग्रजीतील समित बसू यांची ‘द सिमोकिन प्रॉफेसीज’ (२००३) पौर्वात्य व पाश्चात्त्य कथांच्या खट्याळ सरमिसळीसाठी जरूर पुढे करावी. ज्याला इंग्रजी जड जाते त्याला मुग्धा कर्णिक यांचा टोल्कीनचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ सांगावा. मराठी शिफारशींत मराठी अनुवादाचे नावच नसावे, ही त्या शिफारशींची सर्वांत मोठी उसवलेली शिवण आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘काय वाचू?’ असे विचारले, तर वाचकाने खंडांची संख्या शेवटी सांगावी. आधी त्या जगाचा एक नियम सांगावा आणि तो पाळताना कोणाला काय गमवावे लागले ते सांगावे. एवढे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी स्वतः पुन्हा एकदा वाचावे.