रहिमतपूरच्या पावसाचं कोडं आणि ६० हजार वर्षांपूर्वीचा शिंपला

'यंदा एल निनो' अशी बातमी आली की सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या रहिमतपूरसारख्या भागात चिंता सुरू होते. २०२३ मध्ये एल निनो होता आणि देशासाठी तो १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ मध्ये एल निनो तीव्र असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला होता. मग तापत्या जगात एल निनो कसा वागेल?

नोंदी का कमी पडतात?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. एल निनो साधारण दोन ते सात वर्षांनी येतो. त्याचा स्वभाव ओळखायला दीडशे वर्षांच्या नोंदी तोकड्या आहेत. त्याआधीची माहिती निसर्गातच शोधावी लागते.

शिंपल्यात काय सापडतं?

प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या प्रवाळांमध्ये महाकाय शिंपले राहतात. सर्वांत मोठी जात एक मीटरहून लांब वाढते. झाडाच्या खोडात वर्षाची वलयं दिसतात, तसे या कवचात थर असतात; काही ठिकाणी तर रोजचेही. कवच बनताना त्यात हलका आणि जड असा दोन प्रकारचा ऑक्सिजन अडकतो. पाणी गार असेल किंवा पाऊस कमी असेल, तर जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. एल निनोत पश्चिम प्रशांत महासागरात नेमकं हेच घडतं.

पापुआ न्यू गिनीच्या हुऑन द्वीपकल्पात जमीन सतत वर उचलली जाते. त्यामुळे जुने प्रवाळ आता समुद्राबाहेर आहेत. तिथल्या सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या शिंपल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या थंड काळातल्या एल निनोच्या खुणा त्यात आढळल्या.

असा शिंपला रहिमतपूरला सापडेल का?

नाही. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे, समुद्रतळाचा नाही.

मग उपयोग काय?

यंदा पेरणी कधी करायची, हे शिंपला सांगणार नाही. एका शिंपल्यात काही दशकांचीच नोंद असते, म्हणून वेगवेगळ्या काळातले अनेक शिंपले लागतात. पण भविष्याचा अंदाज देणारी संगणकीय प्रारूपं भूतकाळातला एल निनो बरोबर दाखवतात का, हे त्यांवरून तपासता येतं. त्या अंदाजांवर धरणं आणि पीकपाण्याचं पुढचं नियोजन अवलंबून आहे.