उपग्रह अमेरिकी, चित्र पंचवीस फ्रेमचेच



गेल्या अंकातील पत्रलेखकांचा तर्क चुकला. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगात गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यातील गावांनी पाहिलेले कार्यक्रम सेकंदाला ३० फ्रेमवरून २५ वर आणलेले नव्हते. एटीएस-६ उपग्रह नासाचा, हे खरे. पण तो आलेला संकेत फक्त परत खाली पाठवी. देशातल्या भूकेंद्रावरून निघणारे चित्र मुळातच २५ फ्रेमचे होते.

फ्रेमवेग बदलण्याची खरी अडचण अमेरिकेतून बिदरला आलेल्या लग्नाच्या कॅसेटची. २५ वर आणताना सेकंदाच्या २९.९७ फ्रेममधून पाचेक गाळल्या, की चित्र हिसके देते. शेजारच्या फ्रेम मिसळल्या, तर नाचणाऱ्या वऱ्हाड्यांना दुहेरी हात फुटतात! गती मोजून मधली चित्रे नव्याने घडवणे त्यातल्या त्यात बरे, पण वेळखाऊ.

कॅसेट डिजिटल करून घेणाऱ्यांनी मूळ फ्रेमवेगाची प्रत आधी मागून घ्यावी.

– एक वाचक, बिदर