ब्रेक माझे, डोळे दुसऱ्याचे

गेल्या उन्हाळ्यात इथे कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांचा मेळावा होता. हिरवळीवर ओळीनं उभ्या गाड्या, शेजारी घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा. एका गृहस्थांनी मोठ्या प्रेमानं आपल्या एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनावर तोंड पाहावं अशी चकाकी होती. मला खोड अशी की बॉनेटच्या आत पाहण्याऐवजी मी खाली वाकून पुढच्या चाकामागे पाहिलं. किंगपिनच्या ग्रीस निपलवर गाडीचाच रंग बसलेला होता. म्हणजे रंग दिल्यापासून तिथे ग्रीसगन लागलेलीच नव्हती. एमजीबीला पुढे दोन्ही बाजूंना असे तीन-तीन निपल असतात, आणि दर तीन हजार मैलांनी त्यांना ग्रीस द्या असं कंपनीचं पुस्तक सांगतं. मी विचारलं, तर हसून म्हणाले, "तशी फार चालवत नाही मी."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार. पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे आजही सुटे भाग टूथपेस्टसारखे मिळतात. माझी १९७१ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे आपल्या टेम्पोला असतात तसे पाटे. आणि शॉकअप नळीसारखे नाहीत. एका डबीतून एक दांडा बाहेर आलेला असतो, तो वरखाली होतो. पुढच्या चाकाला वरून धरून ठेवणारा हातही तोच. म्हणजे तो झिजला की गाडी नुसती उसळत नाही, चाकच वाकडं उभं राहतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या त्या वर्षीच्या गाड्यांना ब्रेकची लाइन एकच. चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून तेल. कुठेही एक नळी फुटली की पाय थेट फरशीला. मग हाताशी उरतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९६८च्या सुमारास दुहेरी लाइन आली, इथल्या ग्राहकाला बरीच वर्षं नंतर. ती बदलून घ्यावी हे मला पटतं. अजून केलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

मी या गाडीचे ब्रेक आणि सस्पेन्शन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः उघडले, साफ केले, नवीन भाग घालून पुन्हा जोडले. त्यावर दोन बाजूंनी उपदेश आला. सांगलीहून बाबांचा फोन: "अरे, बाकी काय हवं ते कर, ब्रेकशी खेळू नये. तिथे मेकॅनिक नाहीत का?" मित्रांच्या ग्रुपवरही तोच सूर. आणि इथल्या शौकिनांकडून अगदी उलटा: गाडी चाळीस वर्षांच्या वर गेली ना, मग कोणाला दाखवायची गरजच काय? मला दोघेही चुकीचे वाटतात.

आधी बाबांचं. गाडी घेतली त्या वर्षी मी ती शहाण्या माणसासारखी एका गॅरेजला दिली होती. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, चारही चाकांचे ब्रेक पाहिले. दीड वर्षानं मागचे ड्रम काढायला बसलो तर ते धरून ठेवणाऱ्या नटांवरचा जुना रंगही तुटलेला नव्हता. आत एका व्हील सिलिंडरचं रबर फुगून तेल झिरपत होतं, लायनर त्या तेलानं काळं पडलेलं. त्यांना मी लबाडही म्हणणार नाही. तो तासांचा हिशोब आहे. पन्नास वर्षांचा गंजलेला नट सोडवायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खा रविवार. हवा काढायचा निपल मोडला तर सिलिंडरच गेला. तो रविवार कोणत्या गिऱ्हाइकाच्या बिलावर लावायचा? माझा रविवार मात्र फुकट आहे, आणि त्या गाडीत शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते. गॅरेजवाल्याला यातलं दुसरं कारण असूच शकत नाही.

शिवाय हे काम गूढ नाही. पुस्तक छापलेलं आहे, कोणता बोल्ट किती आवळायचा त्याचे आकडे आहेत. लागते ती शिस्त. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. इथे त्यावर १९९९मध्ये पूर्ण बंदी आली, पण कपाटात पडलेल्या जुन्या मालाला बंदी ठाऊक नसते. तेव्हा ती धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट-४ ताजं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५वर येते. घाटाच्या लांब उतारावर ते उकळून वाफ झालं की पेडल स्पंजासारखं होतं, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. "फार चालवत नाही" म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. गाडी उभी असली म्हणून तेल पाणी प्यायचं थांबत नाही. उलट उभ्या गाडीतच पिस्टन गंजून अडकतात.

पुढची स्प्रिंग काढताना मात्र मला घाम फुटला. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. खाली जॅक, स्प्रिंगच्या ताटलीच्या दोन बोल्टांच्या जागी दोन लांब बोल्ट, आणि एकेक फेरा सोडत अर्धा तास. बुश बदलायला त्याहून सोपे, आणि तिथेच लोक फसतात: रबरी बुशचा नट चाक लोंबकळत असताना शेवटचा आवळायचा नसतो. गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन बसू द्यायचं, मग आवळायचं. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पॉलियुरेथेनचे लाल-निळे बुश घालून सगळे प्रश्न सुटतात असं मानणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे, तिच्याशी नंतर कधीतरी.

सगळंच घरी करा असंही मी म्हणत नाही. कॅलिपरचे दोन अर्धे वेगळे करू नका असं पुस्तकातच आहे, मी केले नाहीत. शॉकअप दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवले. स्वतःची पायरी ओळखणं हाही कामाचाच भाग आहे.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. लहानपणी बाबांच्या पद्मिनीत पेडलवर माझा पाय असायचा आणि खालून मिस्त्री ओरडायचे, "दाब... धर... सोड!" आता खाली मी असतो आणि वर बायको. "अरे, दाबलाय केव्हाचा, झोपलास का?" बाबांना याची आठवण करून दिली तर म्हणाले, "तेव्हा खाली मिस्त्री होते." बरोबर आहे. पण त्या मिस्त्रींनाही कोणी तरी पहिला ड्रम उघडू दिलाच असेल ना?

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी १९६०मध्ये सुरू झाली, ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी, आणि तपासायचे काय तर ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग. म्हणजे जुन्या गाडीचे ब्रेक हेच या कायद्याच्या जन्माचं एक कारण. २०१२मध्ये १९६०पूर्वीच्या गाड्यांना सूट मिळाली, आणि २० मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात फार फेरफार न केलेल्या सगळ्या गाड्यांना. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते, फक्त कोणी पाहायला येत नाही. मेळाव्यात या सुटीचं स्वागत दिवाळी बोनससारखं झालं. युक्तिवाद असा की तपासणी केंद्रातल्या पोरानं आयुष्यात दांड्याचा शॉकअप पाहिलेला नसतो, त्याला काय कळणार?

त्याला काय कळतं ते सांगतो. माझं काम संपलं, मी खूश होतो. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ, प्रत्येक स्प्लिट पिन नवी. सूट असूनही गाडी तपासणीला नेली, खरं सांगायचं तर शाबासकी मिळवायला. तिथल्या पोरानं, वय असेल पंचवीस, मला स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली गेला. मग मला हाक मारली. उजव्या पुढच्या चाकाची रबरी ब्रेक नळी टायरला टेकत होती. मी एक टोक आधी पक्कं केलं होतं आणि दुसरं आवळताना नळीला पीळ बसला होता. सरळ चाकात काही दिसत नाही. माझी गाडी स्टँडवर होती, चाकं काढलेली. टेकायला टायरच नव्हता. रबरावर नखाएवढा चकचकीत डाग पडला होता. गाडी तोवर फक्त चाळीस-पन्नास मैल चालली होती.

एकच लाइन, हे वर सांगितलंच आहे.

ती नळी मी पंधरा मिनिटांत सरळ केली आणि अर्थातच नवीन घातली. त्या रात्री झोप लागली नाही. माझी चूक अडाणीपणाची नव्हती, मला क्रम माहीत होता. मी थकलो होतो, आणि आपलं काम तपासताना माणूस जे केलंय तेच पाहतो, जे राहिलंय ते पाहत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या कोणालाही विचारा.

तेव्हा बाबांना माझं उत्तर असं की चूक माझ्या हातून झाली, तरी काम मी हातातून सोडणार नाही. आणि मेळाव्यातल्या मंडळींना: या तपासणीचं कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे, तुमच्या मेणाच्या डब्यांचा वर्षाचा खर्च त्याहून जास्त असेल. सूट कायद्यानं दिली, घ्यायची सक्ती कुठे आहे? विकाऊ गाड्यांच्या जाहिराती वाचा: रंग, चामडं, क्रोम यांना तीन परिच्छेद आणि शेवटी "ब्रेक उत्तम". कोणाच्या मते उत्तम?

पुढच्या महिन्याचं बुकिंग करायला फोन केला. काउंटरवरच्या मुलीनं गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाली, "हिला तर सूट आहे, मग कशाला आणताय?" मी नळीची गोष्ट सांगायला लागलो. अर्ध्यावर तिनं थांबवलं. "मंगळवारी साडेनऊला आणा."