अपवादाने नियम सिद्ध होतो?

मंडळी, परवा लग्नाच्या पंगतीत विषय निघाला, मुलींना गणित जमत नाही. मी म्हटलं, आमची भाची गणितात एम.एस्सी. आहे. लगेच शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, अपवादानेच नियम सिद्ध होतो!" झालं, वाद संपला.

अहो, संपला कसा? एक कावळा पांढरा निघाला तर 'सगळे कावळे काळे' हे खोटं ठरतं, सिद्ध होत नाही.

हे वाक्य आपण इंग्रजीतून उचललं, इंग्रजीने लॅटिनमधून. मूळ मुद्दा कायद्याचा. इ.स.पूर्व ५६ मध्ये रोममध्ये बाल्बसच्या नागरिकत्वाचा खटला लढवताना सिसेरो म्हणाला, काही तहांत 'या लोकांना नागरिकत्व देऊ नये' असं मुद्दाम घातलंय. म्हणजे जिथे तसं घातलेलं नाही, तिथे ते देता येतं. आपल्याकडे दुकानावर 'सोमवारी बंद' अशी पाटी असते. त्यावरून इतर दिवशी दुकान उघडं असतं हे कळतं. सांगून केलेला अपवाद नियम दाखवतो. नियम मोडणारं उदाहरण नियम मोडतंच.

आता कबुली. शिक्षकांच्या खोलीत मीही हे वाक्य वर्षानुवर्षं वापरलं. वस्तीतला मुलगा पहिला आला की म्हणायचो, "अपवाद!" असे अपवाद दर दोन-तीन वर्षांनी येत राहिले. माझा नियम मात्र मी कधी तपासला नाही. चुकीच्या म्हणीने माझी सोय झाली, किंमत त्या मुलांनी मोजली.

असो. पुढच्या पंगतीत कुणी हे वाक्य फेकलं, तर वाढप्याला थांबवा आणि आधी त्याला विचारा, नियम कुठला?