बर्फावरील हॉकी : कस आणि कौतुक

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. वाद घरगुती खरा. परंतु त्याचें मर्म आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांशीं निगडित आहे असें वाटल्यावरून या महिन्याच्या सदरास आम्हीं तोच विषय योजिला आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या आठव्या इयत्तेंत आहे. शाळेच्या खो-खोच्या संघांत तिची निवड झाली, आणि रोज सकाळीं सहा वाजतां सरावास जाण्याची परवानगी तिनें आमचे चुलते नाना यांजपाशीं मागितली. नाना घरांत सर्वांत वडील. त्यांच्या होकारावांचून आमच्याकडे असल्या गोष्टी ठरत नाहींत. ते म्हणाले, “खो-खो पाहतो कोण, बाळ? जो खेळ चार माणसें पाहत नाहींत, त्यांत दम तो काय असणार?” मुलगी हिरमुसली. इतक्यांत टोरांटोहून आलेला आमच्या भाच्याचा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजोबा, आमच्याकडे बर्फावर हॉकी खेळतात. ती तुम्ही कधीं पाहिली नाहींत. म्हणून ती सोपी आहे का?” नानांस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि सुचलें नाहीं. यास्तव त्या खेळाची थोडी माहिती मिळवून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोठलेल्या तळ्यांवर काठीनें खेळावयाचे खेळ थंड देशांत पूर्वींपासून होते. परंतु छपराखालीं, नियमांनीं बांधलेला असा सामना कॅनडांतील माँट्रियल शहरीं 3 मार्च 1875 रोजीं झाला; तेथूनच आजच्या खेळाचा आरंभ समजतात. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनीं 1892 सालीं देऊं केलेला चषक हा त्यांतील सर्वोच्च मान होय. व्यावसायिक संघांची ‘नॅशनल हॉकी लीग’ ही संस्था 1917 सालीं माँट्रियल येथेंच स्थापन झाली. 1942 पासून 1967 पर्यंत तिच्यांत अवघे 6 संघ होते. 2021 सालीं त्यांची संख्या 32 झाली.

मैदान 200 फूट लांब व 85 फूट रुंद. दोन्ही बाजूंस गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू. चेंडूच्या जागीं कठीण रबराची चकती असते. तिला तिकडे ‘पक’ म्हणतात. ती 3 इंच व्यासाची व 1 इंच जाडीची असून, फार उसळूं नये म्हणून सामन्यापूर्वीं गोठवून ठेवितात. 2012 सालीं झालेल्या एका फटक्यांच्या चढाओढींत झ्डेनो चारा या खेळाडूनें मारलेल्या चकतीचा वेग ताशीं सुमारें 175 किलोमीटर भरला. असा फटका अडविण्याकरितां गोलरक्षक उभा असतो. आणि आश्चर्य हें कीं, पुष्कळ वर्षें हे रक्षक उघड्या तोंडानें खेळत. 1 नोव्हेंबर 1959 रोजीं न्यूयॉर्क येथें जाक प्लांट याच्या तोंडावर चकती बसून चेहरा फाटला. टांके घालून तो परतला तो मुखवटा चढवूनच. तेथून मुखवट्याची रीत रूढ होत गेली.

या खेळांत प्रत्यक्ष खेळ 60 मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत वांटलेला असतो. त्यांपैकीं आघाडीचा उत्तम खेळाडू सुमारें 20 मिनिटेंच बर्फावर असतो, आणि तेहि एका वेळीं पाऊण मिनिटाच्या आसपास. हें ऐकून नाना उद्गारले, “एवढेंच?” परंतु हें ‘एवढेंच’ फसवें आहे. त्या पाऊण मिनिटांत खेळाडू अंगांत आहे नाहीं तेवढी शक्ति ओततो. अरुंद पोलादी पात्यांवर तोल सांभाळून तो धांवतो, थबकतो, गर्रकन् वळतो. काठीच्या टोकाशीं चकती खेळवितो. आणि त्याच वेळीं प्रतिपक्षाचा गडी अंगानें धडक देण्यास टपलेला असतो, कारण ती धडक नियमानेंच मान्य आहे. मांड्या भरून आल्या कीं तो बांकाकडे धांव घेतो व दुसरा गडी उडी घेऊन त्याची जागा घेतो. त्याकरितां खेळ थांबत नाहीं. क्षणभर श्वास घेऊन पुन्हां तोच प्रकार!

फुटबॉलचा खेळाडू दीड तासांत याहून पुष्कळच अधिक अंतर कापतो, हें खरें. बास्केटबॉलमध्यें उडी व उंची यांची परीक्षा होते. क्रिकेटच्या फलंदाजास नजर व धीर लागतो. कबड्डींत चढाई करणाऱ्याच्या दमाची कसोटी असते. प्रत्येक खेळ शरीराच्या एका-दोन शक्तींचा कस पाहतो. बर्फावरील हॉकीचें वैशिष्ट्य असें कीं, वेग, तोल, बळ, नजर, हस्तकौशल्य आणि धैर्य यांची मागणी ती एकाच क्षणीं करते, आणि तीहि जेथें धड उभें राहणेंच कठीण अशा पृष्ठभागावर. 2004 सालीं ‘ईएसपीएन’ या अमेरिकन क्रीडावाहिनीनें तज्ज्ञांकडून दहा गुणांच्या आधारें 60 खेळांची तुलना करविली. तींत मुष्टियुद्ध पहिलें आलें, बर्फावरील हॉकी दुसरी, अमेरिकन फुटबॉल तिसरा व बास्केटबॉल चौथा. असल्या गुणपत्रिकेस शेवटचा निवाडा मानूं नये. परंतु जाणत्यांचें मत कोणीकडे झुकतें, एवढें तरी तीवरून कळतें.

आतां लोकप्रियतेकडे वळूं. कॅनडांत हा खेळ घरच्या देवासारखा आहे. 1994 सालीं तेथील संसदेनें कायदा करून त्यास हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ ठरविलें. 2002 सालीं निघालेल्या पांच डॉलरच्या नोटेवर हॉकी खेळणारीं मुलें छापलीं होतीं. परंतु सरहद्द ओलांडून अमेरिकेंत गेलें कीं चित्र पालटतें. तेथें अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल व बास्केटबॉल यांच्या मागेंच हॉकीचा क्रम लागत आला आहे. खेळाचा कस तोच, खेळाडू तेच. मग कौतुकांत हें अंतर कां?

एक कारण बर्फ. कॅनडांत तळें गोठलें कीं मैदान तयार. उष्ण प्रांतांत तेंच यंत्रानें करावें लागतें, आणि बूट, काठ्या, शिरस्त्राण यांचा खर्च निराळा. बास्केटबॉलला एक चेंडू व एक कडें पुरतें. आपल्याच देशांत पाहा : ज्या लडाखांत हिवाळ्यांत पाणी गोठतें, तेथें हा खेळ रुजला, आणि 2025 सालच्या आशिया चषक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघांत लडाखच्या मुलींचाच भरणा मोठा होता. दुसरें कारण चित्रवाणी. इवलीशी काळी चकती पडद्यावर नवख्याच्या डोळ्यांस सांपडत नाहीं. 1996 सालीं एका अमेरिकन वाहिनीनें चकतीच्या पोटांत विद्युत्‌यंत्र बसवून पडद्यावर तिच्याभोंवतीं निळी प्रभा दाखविली. जुन्या रसिकांस तो पोरखेळ वाटला, आणि 1998 नंतर तो प्रकार बंद पडला. तिसरें कारण, पैसा व प्रसिद्धि जिकडे वळतील तिकडे लोक वळतात. 1988 सालीं वेन ग्रेट्झ्की हा अद्वितीय खेळाडू एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला आणि ऊन्हाच्या प्रांतांत हॉकीची गोडी वाढली. 2024 व 2025 या दोन्ही सालीं चषक जिंकला तो जेथें तळें कधीं गोठत नाहीं त्या फ्लोरिडाच्या संघानें!

लोकप्रियतेच्या हव्यासाची एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे. या व्यावसायिक खेळांत गड्यांच्या मुठींच्या मारामाऱ्या दीर्घकाल चालत आल्या आहेत. इतर बहुतेक खेळांत असें करणारास मैदानाबाहेर घालवितात. येथें सामान्यतः पांच मिनिटें बसवून ठेवतात. ‘लोकांस हेंच आवडतें’ असें समर्थन केलें जातें. या कामाकरितांच ओळखला जाणारा डेरेक बूगार्ड हा खेळाडू 2011 सालीं अवघ्या 28 व्या वर्षीं वारला. मृत्यूचें कारण औषध व मद्य यांचा अतिरेक हें ठरलें. परंतु त्याच्या मेंदूच्या तपासणींत, वारंवार आघात सोसणाऱ्यांस जडणारा विकारहि आढळला. उलट, ऑलिंपिकमध्यें असल्या मारामाऱ्या जवळजवळ होतच नाहींत; तरी 1980 सालीं लेक प्लॅसिड येथें अमेरिकेच्या, बहुतांशीं महाविद्यालयीन, तरुणांनीं बलाढ्य सोव्हिएट संघावर 4-3 असा विजय मिळविला, त्याची आठवण अमेरिका अजून काढते. टाळ्यांस प्रमाण मानलें कीं खेळाडूच्या देहाची किंमत विसरली जाते, हा यांतील बोध होय.

आतां पुन्हां घराकडे येऊं. नाना रोज संध्याकाळीं चित्रवाणीवर कबड्डी मोठ्या आवडीनें पाहतात. ती व्यावसायिक स्पर्धा 2014 सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं आमच्या गल्लींतल्या मैदानावर सामने होत, तेव्हां नाना तिकडे फिरकलेले आम्हांस स्मरत नाहीं. मग 2014 पूर्वींच्या गड्यांच्या अंगांत बळ नव्हतें काय? बळ होतें, दिवे नव्हते. खो-खोचीहि गोष्ट तीच. 2025 च्या जानेवारींत दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. आमच्या घरीं ही वार्ता ठाऊक होती ती फक्त त्या आठवींतल्या मुलीस.

कौतुक हें जागा, पैसा, हवामान व प्रसिद्धि यांच्या स्वाधीन असतें. कस हा खेळणाऱ्याच्या स्वाधीन असतो. मुलांकरितां खेळ निवडतांना ‘हा किती लोक पाहतात?’ हा प्रश्न वडील मंडळींनीं बाजूस ठेवावा. यानें मुलाचें शरीर घडतें कीं झिजतें, यांत त्याचें मन रमतें कीं नाहीं, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां मैदानावर जातें कीं नाहीं, एवढें पाहावें.

हा मजकूर छापण्यास देण्यापूर्वीं आम्हीं तो नानांस वाचून दाखविला. कबड्डीविषयींचा भाग येतांच ते किंचित् हंसले. मत बदललें असें मात्र त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं पहांटे साडेपांचला स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणून आम्ही डोकावलों, तों नाना स्वतः मुलीकरितां दूध तापवीत होते.